चुलीची ओळ

सर कुणाच्या घरी गेले की पहिल्यांदा स्वयंपाकघराकडे बघत. चहा येईपर्यंतही त्यांना दम नसे. "आज जळण किती लागलं?" असं ते घरातल्या बाईला विचारत, आणि ती पदर सावरत "कोण मोजतं?" म्हणाली की खांद्यावरच्या पिशवीतून स्प्रिंगचा काटा काढत. कोपऱ्यातली पऱ्हाट्यांची, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांची, मोळी काट्याला अडकवून डोळ्यांसमोर धरत, वजन वहीत लिहीत आणि मगच खाली बसत. चहाचा पहिला घोट घेऊन विचारत, "हा किती काड्यांचा?"

त्यांचं लग्न राहिलं ते या काट्यामुळे, असं कॉलेजात सांगत. पहूरला मुलगी बघायला गेले, पोहे खाल्ले, मुलीला एकही प्रश्न न विचारता तिच्या आईला सहा विचारले आणि परसात जाऊन गोवऱ्या मोजून आले. मुलीच्या वडिलांनी दुसऱ्या दिवशी निरोप धाडला की आमच्याकडे जळणाचा व्यापार नाही. मी एकदा धीर करून सरांना विचारलं, हे खरं का. ते जरा आठवून म्हणाले, "सहा नाही. चार विचारले होते."

गेल्या चैत्रात सर गेले. त्यांच्या पुतण्याचं पत्र मला आठ दिवसांनी मिळालं. तेव्हापासून हे लिहायचं म्हणते आहे. रोज दोन-चार ओळी होतात, त्यातल्या एक-दोन दुसऱ्या दिवशी खोडते. घाईत लिहिलेलं सरांना आवडत नसे, आणि आता घाई करण्यासारखं काही उरलेलंही नाही.

जळगावच्या कॉलेजात मी गणित शिकवायला लागले तेव्हा चोवीस वर्षांची होते, धुळ्याहून आलेली, स्टाफरूममध्ये कोणाशी काय बोलावं ते न कळणारी. ऐंशीच्या दशकाचा मधला काळ होता. सर अर्थशास्त्राचे, वयाने माझ्याहून वीस वर्षांनी मोठे. खिडकीजवळच्या टेबलावर बसत. टेबलाच्या काचेखाली त्यांनी वर्तमानपत्रातला एक फोटो ठेवला होता. समुद्रातल्या तेलविहिरीचा तो फोटो होता. लोखंडी मनोऱ्याच्या टोकाला मोठी ज्वाळा, खाली काळं पाणी.

माझ्या दुसऱ्या का तिसऱ्या दिवशी त्यांनी मला त्या फोटोपाशी बोलावलं.

"मॅडम, हे काय जळतंय?"

"तेल असेल, सर."

"तेल नाही. तेलाबरोबर वर येणारा वायू. न्यायची सोय नाही म्हणून जागेवरच पेटवून देतात. रात्रंदिवस." मग काचेवर बोट ठेवून म्हणाले, "आता नळ टाकतायत. हा वायू किनाऱ्यावर येईल. आल्यावर तो कुणाला किती द्यायचा, हे ठरवायला गणित लागतं. मला अर्थशास्त्र येतं, गणित येत नाही. तुमचं उलट आहे. बघता का?"

अशी मी त्यांच्या प्रबंधात शिरले. विषय हाच होता. नैसर्गिक वायू एक आणि मागणारे पाच. खताचे कारखाने, वीजघरं, पोलाद, रसायनं, आणि पाचव्या ओळीत चुली. सरांच्या तक्त्यात शेवटची ओळ कायम चुलींची असे. प्रत्येक दावेदाराला एक मात्रा वायू दिला तर देशाचा किती फायदा होतो, हा आकडा त्याच्या ओळीत लिहायचा. मग वायू असा वाटायचा की एकूण फायदा सर्वांत जास्त होईल. हिशेबाची रीत सोपी आहे, कंटाळवाणी आहे. एक वाटणी मांडायची. एकाकडून थोडं काढून दुसऱ्याला दिलं तर बेरीज वाढते का बघायचं. वाढत असेल तर तसं करायचं आणि पुन्हा बघायचं. कुठूनही काहीही हलवलं तरी बेरीज वाढत नाही, अशी वेळ आली की ते उत्तर. कॉलेजात संगणक नव्हता. लांबलचक कागदांवर शिसपेन्सिलीने मी हे करत असे. एका उत्तराला चार-पाच दुपारी जात. वरचे पत्रे तापलेले असत, कागदाला तळहात चिकटे, आणि सर शेजारी बसून माझं खोडलेलं खोडरबराने आणखी स्वच्छ पुसत.

स्टाफरूमला ही करमणूकच होती. इतिहासाचे एक प्राध्यापक रोज दारातून विचारत, "काय सर, आज कुणाला किती गॅस?"

"तुम्हाला काही नाही," सर मान वर न करता म्हणत.

"असं कसं? इतिहास विभागाला एक सिलिंडर तरी काढून ठेवा. आमच्याकडे सगळं थंडच असतं."

सर हसत नसत. त्यांना विनोद कळत नसे असं नाही, पण तो कळायला त्यांना दिवस लागे. दुसऱ्या दिवशी त्याच प्राध्यापकांना थांबवून ते म्हणत, "कालचं चांगलं होतं."

एक प्रश्न मात्र त्यांच्या तोंडात सतत असे, "आकडा कुणी दिला?" प्राचार्य म्हणाले, ऐंशी टक्के मुलं हजर असतात, की सर विचारत, आकडा कुणी दिला? केळीवाला म्हणाला, डझनाला बारा, तरी त्यांच्या चेहऱ्यावर तोच प्रश्न दिसे. आकडा चुकला तर चालतो, असं ते म्हणत, पण त्याचा बाप माहीत पाहिजे.

दर शनिवारी दुपारी ते सुरतेकडच्या पॅसेंजरने नरडाण्याला जात. तिथून पायी तासाभरावर त्यांचं गाव. गावात अक्का, त्यांची मोठी बहीण. लग्नानंतर चार वर्षांत विधवा होऊन ती माहेरी आली, आणि आई-वडील गेल्यावर या भावाला तिने मोठं केलं. लहानपणी सर चुलीजवळ बसून अभ्यास करत, कारण घरात उजेड तेवढाच. अक्का स्वतः शाळेत गेली नव्हती, पण भाऊ कोणत्या इयत्तेत आहे ते तिला विचारावं लागत नसे. आता तिला एकच हवं होतं. भाऊ प्रबंध लिहितोय, तो झाला की त्याला डॉक्टर म्हणतात, हे तिला कोणीतरी सांगितलं होतं. ते तिला बघायचं होतं.

मी पहिल्यांदा त्यांच्याबरोबर गेले तेव्हा तिने मला दारातच धरलं. "ये व माय. उनमाईन उनी, पानी पी." उन्हातून आले म्हणून दिलेलं पाणी मी पीत असताना ती चुलीपुढे बसली आणि भावाकडे मानेने खूण करून मला म्हणाली, "मन्हा भाऊ बठ्ठा देशले गॅस वाटी राहिना, आन् मी आठे फुकनी फुकी राहिनू." भाऊ सगळ्या देशाला गॅस वाटतोय आणि मी इथे फुंकणी फुंकतेय. बोलता बोलता तिला खोकला आला. तो थांबायला बराच वेळ लागला. तोवर सर दाराबाहेर उभे होते, पाठ करून.

त्यांनी जळगावात स्वतःला गॅस घेतला नव्हता. नंबर लागला होता, चिठ्ठी आली होती. ते वातीच्या स्टोव्हवर भात-पिठलं करून खात. मी विचारलं तर म्हणाले, "नरडाण्याच्या पुढे सिलिंडर जात नाही." एवढंच. माणूस हट्टी आहे, इतकंच मला तेव्हा वाटलं होतं.

आणि आमचं उत्तर काय येत होतं? खताला पोटभर. विजेला बऱ्यापैकी. पोलाद आणि रसायनांना उरलंसुरलं. चुलींना शून्य. वायू थोडा धरला तरी शून्य, दुप्पट धरला तरी शून्य. मी प्रत्येक वेळी शेवटच्या ओळीत ते गोल काढायची, आणि सर चष्मा काढून पुसायचे.

विद्यापीठातले त्यांचे मार्गदर्शक खूश होते. वृद्ध, प्रेमळ गृहस्थ. "इतकं स्वच्छ उत्तर मी पाहिलेलं नाही," ते म्हणाले. "लिहून द्या आणि मोकळे व्हा." नोंदणीची मुदत एकदा वाढवून झाली होती. पण सर लिहून देईनात. आणि उत्तरात फेरफारही करू देईनात. मी एकदा सुचवलं की चुलींना अमुक इतका वायू दिलाच पाहिजे अशी अट घालू, म्हणजे शून्य येणार नाही.

"मग ते उत्तर नाही राहिलं," सर म्हणाले. "ते मागणं झालं. मागणं प्रबंधात नाही लिहायचं, अर्जात लिहायचं."

असं दीड वर्ष गेलं. शून्य ते सोडत नव्हते आणि शून्य त्यांना सोडत नव्हतं.

मग भडगावचं लग्न आलं. आमच्या कॉलेजच्या हेडक्लार्कच्या मुलीचं. ते सरांच्या नात्यातले, त्यामुळे अक्काही आली होती, आदल्या दिवसापासून, बट्ट्या वळायला. जेवण वरण-बट्टीचं, बट्टी म्हणजे कणकेचा भाजलेला, तुपात भिजवलेला गोळा. हेडक्लार्क सरांना मानत. वाटपावर यांचा अभ्यास आहे, असं म्हणून त्यांनी वाढपाची सगळी व्यवस्था सरांच्या हाती दिली. कोणीतरी हे गमतीने सुचवलं असणार. सरांनी ते गमतीत घेतलं नाही.

त्यांनी चिठ्ठ्या केल्या. पंगत बसली की वाढपी सुरू होण्याआधी सर स्वतः ओळीतून वाकत वाकत गेले आणि प्रत्येकाला विचारू लागले, "बट्ट्या किती?" सगळ्यांना सारख्या वाढल्या तर कुणाच्या पानात उरतात, कुणाला कमी पडतात, आधी मागणी घेतली की वाया काही जाणार नाही, असा हिशेब. आता लग्नाच्या पंगतीत पाव्हण्यांना चारचौघांत विचारलं, बट्ट्या किती, तर कोण तीन सांगेल? एकाने सहा सांगितल्या. शेजारच्याने त्याच्याकडे बघून आठ. पुढे एक आबा होते, दात नसलेले, त्यांना कमी ऐकू येई. त्यांच्या नातवाने परस्पर दहा लिहायला लावल्या. "आबा जुना खानारा शे," तो म्हणाला. सर लिहीत गेले आणि लिहिल्याप्रमाणे वाढत गेले. तुपाचा हातही तसाच सुटला.

तीन पंगती उठल्या. चौथी घरच्या बायकांची. दोन दिवस बट्ट्या वळणाऱ्या, भट्टीपुढे बसलेल्या, वरण ढवळणाऱ्या. त्या पदराने तोंड पुसत बसल्या आणि सर टोपल्यापाशी गेले तर टोपल्यात अकरा बट्ट्या. बायका वीस-पंचवीस. हेडक्लार्कची बायको रडायच्या बेतात. बायकांनीच ते हसण्यावारी नेलं, एकेकीने अर्धी अर्धी मोडून घेतली, वरणात भात कालवला.

सर चिठ्ठ्यांचा गठ्ठा हातात घेऊन त्या ओळीपुढे उभे होते. अक्का चौथ्या पानावर होती. तिने वर बघितलं आणि सहज म्हणाली, "तू बठ्ठास्ले इचारं. आम्हले कोनी इचारं रे?"

ती चिडली नव्हती. सगळ्यांना विचारलंस, आम्हाला कोणी विचारलं, एवढंच म्हणून तिने भात कालवायला घेतला. पण सर तिथून जे निघाले ते मांडवामागे, उष्ट्या पत्रावळींच्या ढिगापाशी. मी शोधत गेले तेव्हा पँटच्या दुमडी वर करून ते त्या ढिगात उभे होते. एक एक पत्रावळ उचलून टाकलेल्या बट्ट्या मोजत होते, अर्ध्या वेगळ्या, अख्ख्या वेगळ्या. दोन कुत्री त्यांच्याकडे संशयाने बघत होती.

"सर, चला. लोक बघतायत."

"मॅडम, शून्य उत्तरात नव्हतं."

मला काही कळलं नाही.

"आपण दोन वर्षं उत्तराकडे बघत बसलो," ते म्हणाले. हातात अर्धी बट्टी होती. "शून्य आधीच होतं. आपणच घातलेलं. चुलीला वायू दिला तर काय वाचतं, तिथे आपण काय लिहिलंय? जळण. आणि जळणाची किंमत? रानातून आणलेलं, म्हणून काही नाही. ते आणतं कोण, फोडतं कोण, फुंकतं कोण? आकडा कुणी दिला? मीच दिला. यांना न विचारता."

त्या उन्हाळ्याच्या सुटीत काट्याच्या जोडीला घड्याळ आलं. पट्टा तुटलेलं मनगटी घड्याळ ते खिशात ठेवत. पहाटे अक्का उठली की हे मागे. ती शेताच्या बांधावर पऱ्हाट्या गोळा करायला गेली, लिहिलं. मोळी बांधून आणली, लिहिलं. काड्या मोडल्या, गोवऱ्या उलट्या केल्या, चूल पेटली, विझली, पुन्हा पेटली, काळी भांडी राखेने घासली, सगळं मिनिटांत. मी मे महिन्यात आठ दिवस तिथे होते. अक्काची चेष्टा चालू असे.

"घड्याय देखी देखी काय लिखी राहिना रे?"

"तुले किती वखत लागस ते."

"लागस तो लागस. त्यानं काय लिखनं?" मग माझ्याकडे वळून, "याले लग्न करी दिधं व्हतं तं बायकोनी घड्याय चुल्हामा टाकं व्हतं."

पण चौथ्या-पाचव्या दिवसापासून तिचं वेगळंच सुरू झालं. सर अंघोळीला गेलेले असले तर ती मला हाक मारून सांगे की भांडी घासायला बसले बरं का, लिही. आणि भांडी घासून झाल्यावर मुद्दाम माझ्यापर्यंत येऊन हात दाखवी, सरलं म्हणून.

एका घराचा आकडा म्हणजे आकडा नव्हे, म्हणून सरांनी गावातली आणखी घरं घेतली, मग भडगावकडची, पहूरकडची. पहूरला ते त्या जुन्या घरी मात्र गेले नाहीत. दिवसाचे जवळजवळ चार तास, असं सगळीकडे थोड्याफार फरकाने निघालं. निंदणीला जाणाऱ्या बाईला जी मजुरी मिळते ती त्या तासांना लावायची आणि तिच्याही निम्मीच धरायची, असं त्यांनी ठरवलं. "निम्मी का?" मी विचारलं. "बहिणीचं आहे म्हणून फुगवलं, असं कुणी म्हणायला नको."

त्या तक्त्याला आम्ही आपापसात अक्कांचा तक्ता म्हणत असू.

जुलैत मी नवं गणित मांडलं. पाच दुपारी लागल्या. शेवटच्या दिवशी खताच्या ओळीतून थोडं निघालं, विजेच्या ओळीतून थोडं निघालं, आणि चुलींच्या ओळीत शून्य राहिलं नाही. फार नव्हतं ते. पण होतं. मी कागद सरांकडे सरकवला. त्यांनी बघितलं, परत सरकवला, म्हणाले, पुन्हा करा. पुन्हा केलं. पुन्हा तेच आलं. तेव्हा ते उठले, टेबलावरचा खोडरबराचा चुरा तळहाताने गोळा केला, खिडकीबाहेर झटकला आणि तिकडेच तोंड करून उभे राहिले. इतिहासाचे प्राध्यापक दारात येऊन काही बोलणार होते. माझ्याकडे बघून ते तसेच परत गेले.

प्रबंध टाइप होऊन विद्यापीठात गेला. मार्गदर्शकांनी सही केली, पण बजावलं, "तुमच्या भगिनींच्या वेळेला बाजारभाव नाही. परीक्षक विचारतील."

"शून्य हाही भावच झाला, सर," आमचे सर म्हणाले. "तो तरी कुठल्या बाजाराने दिला?"

म्हातारे गृहस्थ हसले. "माझ्याशी नका भांडू. मी तुमच्या बाजूचा आहे."

परीक्षकांनी विचारलंच. सहा महिन्यांनी प्रबंध परत आला, सोबत एका पानाचं पत्र. काम मेहनतीचं आहे, रीत अचूक आहे. मात्र घरकामाच्या तासांना मजुरी लावणं शास्त्रीय नाही. तो तक्ता काढून, उत्तरं नव्याने मांडून, मुदतीच्या आत प्रबंध पुन्हा सादर केल्यास पदवीची शिफारस करू. मुदत मार्चअखेर होती. त्यानंतर नोंदणी रद्द होणार होती, आणि आता ती वाढणार नव्हती.

काम तीन दिवसांचं होतं. तक्ता नसलेली उत्तरं, ती सगळी शून्यं, माझ्या कपाटात तयार पडून होती.

त्याच हिवाळ्यात अक्काला धुळ्याच्या मोठ्या दवाखान्यात दाखवलं होतं. डॉक्टरांनी फोटो उजेडाला धरून सरांना बाहेर बोलावलं आणि सांगितलं की छातीत धूर भरून भरून आता फार काही उरलेलं नाही. काही महिने. घरी न्या. घरी जाताना बसमध्ये अक्काने विचारलं ते आजाराबद्दल नव्हतं. भाऊ डॉक्टर कधी होणार, एवढंच तिने विचारलं.

सगळ्यांनी सरांना समजावलं. प्राचार्यांनी केबिनमध्ये बोलावून. मार्गदर्शकांनी पत्र लिहून. इतिहासाच्या प्राध्यापकांनी चेष्टा बाजूला ठेवून, हात धरून सांगितलं, "काढून टाका हो. त्या माउलीला बघू द्या." मीही सांगितलं. तक्ता आपण नंतर लेख म्हणून छापू, म्हटलं. तो कुठे जात नाही. अक्का जाते आहे.

हे बोलल्यावर मला माझीच लाज वाटली. सर रागावले नाहीत.

"मॅडम, मी तो तक्ता काढला, तर मी डॉक्टर होईन ते कशावर? तिला दिवसभर काही काम नसतं, या वाक्यावर. तिच्यासमोर जाऊन उभा राहू आणि सांगू, झालो?"

"आणि नाही काढला तर?"

"तर मी डॉक्टर नाही." मग म्हणाले, "दोन्हीकडून तिचंच जातं. मी बघितलं हलवून."

मार्चचा शेवटचा दिवस आला. मी दोन्ही प्रती टाइप करून ठेवल्या होत्या, एक तक्त्याची, एक बिनतक्त्याची. त्या दिवशी एका माणसाला सकाळच्या गाडीने विद्यापीठात पाठवलं असतं तरी जमलं असतं. सरांनी त्या दिवशी त्यांचे सगळे तास घेतले. शेवटचा तास द्वितीय वर्षाचा. मी व्हरांड्यात उभी होते. पाच वाजता त्यांनी खिशातून घड्याळ काढून बघितलं, परत ठेवलं, आणि राहिलेलं उदाहरण पुरं करून दिलं. मग फळा पुसला. कोपऱ्यापर्यंत.

एप्रिलच्या दुसऱ्या शनिवारी मी त्यांच्याबरोबर नरडाण्याला गेले. पुतण्याचा निरोप होता, लवकर या. अक्का ओसरीवर बाजेवर होती, भिंतीला टेकून, कारण आडवं झालं की श्वास लागे. चूल आता पुतण्याची बायको करत होती, पण धूर ओसरीपर्यंत यायचाच. सर बाजेच्या कडेला बसले. अक्काने त्यांचा हात हातात घेतला, बोटं चाचपली, शाईचे डाग शोधावेत तशी. मग विचारलं.

"डाक्टर व्हयना का रे?"

मी सरांकडे बघितलं. या माणसाने तीन वर्षांत मला दशांश चिन्हानंतरचा एक आकडाही उगीच वर ढकलू दिला नव्हता.

"व्हयनू, अक्का," ते म्हणाले. झालो.

तिने डोळे मिटले. चेहऱ्यावर काहीतरी सैल झालं. मला वाटलं, झोप लागली. पण मग डोळे न उघडताच ती म्हणाली, "मन्हा तास शेतस ना त्यामा?" माझे तास आहेत ना त्यात?

"शेतस."

"बठ्ठा?"

"निम्मा धऱ्या मी," सर म्हणाले. निम्मे धरले.

अक्काला त्याचं हसू आलं. हसता हसता खोकला आला, सरांनी पाठीवरून हात फिरवला, पुतण्याच्या बायकोने पाणी आणलं. खोकला थांबल्यावर अक्काने तिलाच सांगितलं की डाक्टर आला आहे, त्याला आधी जेवायला वाढ.

पुढच्या शुक्रवारी ती गेली. सर आणखी एकतीस वर्षं जगले, पुन्हा कुठे नोंदणी केली नाही, लेक्चरर म्हणूनच निवृत्त झाले. गावातले लोक मात्र त्यांना शेवटपर्यंत डॉक्टर म्हणत. अक्काने सांगून ठेवलं होतं. ते कुणाला दुरुस्त करत नसत.

त्या शनिवारी संध्याकाळी परतीच्या गाडीसाठी आम्ही नरडाण्याच्या फलाटावर बसलो होतो. ऊन उतरलं होतं, पण बाक अजून तापलेलं होतं. गाडी उशिरा होती. सर रुळांकडे बघत होते.

"मॅडम, मी तिला दोन उत्तरं दिली. त्यातलं एक खोटं होतं."

"हो, सर."

"आणि एक खरं होतं."

"हो."

"दोन्ही खरी येतील असं काही होतं का? माझ्या नजरेतून सुटलेलं?"

ते मला विचारत होते, कारण गणित माझं होतं. मार्चची मुदत, परीक्षकांचं पत्र, माझ्या कपाटातल्या दोन प्रती, अक्काचे मोजके महिने, सगळं मी मनात मांडलं आणि एकेक करून हलवून बघितलं.

"नाही, सर," मी म्हणाले. "नव्हतं."

"तपासलंत?"

"तपासलं."

त्यांनी मान हलवली. सिग्नल पडला तशी आम्ही दोघंही उठून उभे राहिलो.